महाबळेश्वरचा मोसम आणि पांचगणीचें वर्ष

थंड हवेच्या ठिकाणाविषयीं मराठी घरांत बोलणें निघालें म्हणजे पहिला प्रश्न येतो तो ‘केव्हां जावें’ हा. ‘कां जावें’ हें कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर भाषेनेंच देऊन ठेविलें आहे. माणसें तेथें हवा खावयास जातात. भाकरीप्रमाणें हवाहि खाण्याची वस्तु आहे, ती विशिष्ट गांवीं आणि विशिष्ट महिन्यांतच चांगली मिळते, आणि तिच्यासाठीं खर्च सोसून घराबाहेर राहावें, ही समजूत सह्याद्रीच्या परिसरांत जेमतेम दोनशें वर्षांची आहे. त्यांतहि पुष्कळ काळपर्यंत डोंगर हा केवळ मोसमाचा होता. कांहीं महिने गजबजलेला आणि पाऊस सुरू झाला कीं कुलूप लावून ठेविलेला. तो बारमाही कसा झाला आणि कोणामुळें झाला, हा इतिहास महाबळेश्वर व पांचगणी या अवघ्या बारा मैलांच्या अंतरावरील दोन गांवांनीं मिळून घडविला आहे.

त्यापूर्वीं माणसें डोंगर चढत नव्हतीं असें नाहीं. परंतु तीं चढत तीं देवासाठीं किंवा गडासाठीं. क्षेत्र महाबळेश्वर येथें कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात आणि पंचगंगेच्या देवळांत त्यांच्या धारा दाखवितात. त्यांच्या जोडीला भागीरथी बारा वर्षांनीं आणि सरस्वती साठ वर्षांनीं वाहते, अशी श्रद्धा आहे. या कालगणनेंत उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सोयीगैरसोयीला स्थान नाहीं. यात्रेकरू स्नान करी, दर्शन घेई आणि उतरून जाई. डोंगरावर महिनाभर राहून करावयाचें काय, हा प्रश्नच त्याला पडत नसे. गडकऱ्याला मात्र बाराहि महिने वर राहावें लागे. १६५६ मध्यें शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली आणि तिच्या रक्षणासाठीं प्रतापगड उभा राहिला. त्या गडावरील शिबंदीनें किती पावसाळे धुक्यांत आणि ओल्या कांबळ्यांत काढले असतील, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. त्या वास्तव्याला हवापालट म्हणण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नसतें.

पेशवाई बुडाल्यावर सातारचें राज्य इंग्रजांनीं प्रतापसिंहमहाराजांकडे सोंपविलें, आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा वावर या मुलखांत सुरू झाला. पुढें जनरल झालेला पीटर लॉडविक हा अधिकारी १८२४ मध्यें हा डोंगर चढून त्याच्या पश्चिमेकडील कड्यापर्यंत गेला. त्या कड्याला आज त्याचेंच नांव आहे. वस्तुतः क्षेत्राचे पुजारी, गुरें चारणारे धनगर, डोंगरांतील कुळी आणि लोखंड गाळणारे धावड हे सारे तेथें पूर्वींपासून राहत होते. तेव्हां लॉडविकनें डोंगर ‘शोधून काढला’ असें म्हणणें म्हणजे भरल्या घरांत शिरून घर सांपडलें म्हणण्यासारखें आहे. त्यानें शोधून काढली ती हवा. एप्रिल-मे महिन्यांत, खालीं देशावर आणि कोंकणांत अंगाची लाही होत असतां, साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर गोऱ्या माणसाला पांघरूण घेऊन झोंप लागते, ही बातमी मुंबईपर्यंत पोंचण्यास वेळ लागला नाहीं.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्यें येथें आला आणि त्यानें येथें आजारी गोऱ्या शिपायांसाठीं प्रयोगादाखल आरोग्यधाम काढलें. साताऱ्याहून वर येणारा रस्ता प्रतापसिंहमहाराजांनींच बांधवून दिला होता. १८२९ मध्यें करार होऊन ही जागा महाराजांनीं इंग्रजांना दिली. मोबदल्यांत त्यांना वाईकडील खंडाळा हें गांव मिळालें. नव्या वस्तीला माल्कमपेठ हें नांव पडलें. रस्ता राजानें दिला, जमीन राजानें दिली आणि नांव लागलें गव्हर्नराचें! दहाच वर्षांनीं, १८३९ मध्यें, त्याच प्रतापसिंहांना कंपनी सरकारनें गादीवरून दूर केलें आणि काशीस धाडलें. तेथेंच १८४७ मध्यें त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधु अप्पासाहेब यांनीं १८४२ मध्यें वेण्णा तलाव बांधविला. आज ज्या पाण्यांत पाहुण्यांच्या नावा फिरतात, तें सातारच्या गादीचें देणें आहे, हें नावेंत बसणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतें.

आरोग्यधामाचा मूळ हेतु मात्र साधला नाहीं, आणि त्याचें कारण डोंगराच्या स्वभावांतच होतें. अरबी समुद्रावरून येणारे वारे कोंकणची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतां चढतां निवतात आणि आपला सारा भार माथ्यावर टाकतात. महाबळेश्वर त्या माथ्यावरच बसलें आहे. तेथें वर्षाला सरासरी सव्वादोनशें ते अडीचशें इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना पाझर फुटतात, कपड्यांना बुरशी येते, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाहीं. ज्याला खोकला आहे किंवा सांधे धरले आहेत, त्याला अशा ठिकाणीं जूननंतर ठेवणें म्हणजे औषधाच्या नांवाखालीं दुखणें वाढविणेंच होय. शिवाय आजार हा पंचांग पाहून बरा होत नाहीं. मार्चमध्यें वर आणलेला रोगी जूनमध्यें बरा झालेला असलाच पाहिजे, असा नियम कोणाला करतां येणार? त्यामुळें आरोग्यधामाची कल्पना मागें पडली आणि माल्कमपेठ हें रोग्यांऐवजीं अधिकाऱ्यांचें गांव झालें.

या अधिकाऱ्यांचें वर्ष मोठ्या शिस्तीनें कापलेलें असे. मुंबई सरकार हिंवाळ्यांत मुंबईस, उन्हाळ्यांत महाबळेश्वरास आणि पावसाळ्यांत पुण्यास राही. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरांत कांहीं आठवडे पुन्हां महाबळेश्वरची फेरी होई. सरकारच्या मागोमाग संस्थानिक, व्यापारी, वकील आणि त्यांची कुटुंबें येऊं लागलीं. येण्याची वाट सोपी नव्हती. कोणी मुंबईहून जलमार्गानें बाणकोटच्या खाडींत शिरून महाडवरून घाट चढे. कोणी पुण्याहून टांग्यानें वाई गांठी आणि पसरणीच्या घाटानें वर येई. पुढें दक्षिणेकडे रेल्वे गेल्यावर वाठार स्टेशनावर उतरण्याची सोय झाली. इतक्या खटपटीनें आलेलें कुटुंब दोन दिवसांत परतत नसे. भांडीं, अंथरुणें, स्वयंपाकी आणि क्वचित् दुभती गाय यांसह महिना-दोन महिने बिऱ्हाड थाटलें जाई. ‘मोसम’ म्हणत तो हाच.

जूनचे ढग दिसूं लागले कीं हें सारें दहा-पंधरा दिवसांत आंवरलें जाई. घरांच्या भिंतींना आणि छपरांना कोळंबाच्या गवताच्या जाड झड्या बांधीत. बाहेरून पाहतां गांवानें घोंगडी पांघरली आहे असा भास होई. बंगल्यांना कुलुपें लागत. साहेब पुण्यास, शेटजी मुंबईस. मागें राही ती बाजारपेठ आणि ज्यांना दुसरीकडे जावयास जागाच नाहीं अशीं माणसें. त्यांना चार महिन्यांचें धान्य आणि जळण अगोदरच भरून ठेवावें लागे. मोसमांत मिळविलेल्या पैशावर पावसाळा काढावा लागे. या डोंगरावर चिनी आणि मलायी कैद्यांचा एक तुरुंगहि होता. तो १८६४ मध्यें बंद झाला. बटाटे आणि विलायती भाज्या पिकविण्याचा मोठा धडा महाबळेश्वरास या कैद्यांनीं घालून दिला. मोसम निवडण्याचा अधिकार ज्यांना मुळींच नव्हता, त्यांनींच गव्हर्नराच्या मेजावरील भाजी लाविली, ही गोष्ट प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एका ओळींत उरकतात. तिला याहून अधिक जागा मिळावयास हवी होती.

महाबळेश्वरची ही उणीव भरून काढण्यासाठींच पांचगणी जन्माला आली. सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या, परंतु विलायतेस परत जाण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्या इंग्रजांना हिंदुस्थानांतच, पण हिंदुस्थानच्या उन्हाळ्याबाहेर, राहावयाचें होतें. त्यांना दोन महिन्यांची जागा नको होती. घर हवें होतें. अशी जागा शोधण्याचें काम १८६० च्या आगेमागें जॉन चेसन नांवाच्या गृहस्थाकडे आलें. रुस्तमजी दुबाश या पारशी गृहस्थाला बरोबर घेऊन त्यानें या डोंगरांची पाहणी केली आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पांच गांवांच्या मधली जागा पसंत केली. पांच गांवांमधली म्हणून ती पांचगणी. चेसन तेथला सुपरिंटेंडेंट झाला.

त्याची निवड किती अचूक होती हें नकाशापेक्षां पर्जन्यमापकावरून अधिक कळतें. महाबळेश्वराहून पूर्वेकडे वाईच्या रस्त्याला लागलें, कीं ढगांचा भार मैलागणिक हलका होत जातो. पांचगणीची उंची महाबळेश्वरापेक्षां दोन-तीनशें फुटांनींच कमी; परंतु ती माथ्याच्या आडोशाला असल्यामुळें तेथें पाऊस पडतो तो ६०-७० इंच. आणखी खालीं वाईस तो ३० इंचांच्या आसपास येतो. म्हणजे एका दिवसांत सहज तुडवावी अशा वीस मैलांच्या वाटेवर पर्जन्यमान आठव्या हिश्श्यावर उतरतें. पांचगणी त्या उतरणीच्या मध्यावर आहे. उन्हाळ्यांत तेथें महाबळेश्वरचा गारवा जवळजवळ तसाच मिळतो आणि पावसाळ्यांत घर झड्यांत गुंडाळून पळून जावें लागत नाहीं.

परंतु केवळ हवा चांगली म्हणून गांव बारमाही होत नाहीं, आणि चेसनची खरी दृष्टि येथें दिसते. मोसमाच्या गांवाला नोकरचाकर चालतात. ते मालकाबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. वर्षभराच्या गांवाला शिंपी लागतो, धोबी लागतो, खाटीक, भाजीवाला, गवंडी आणि सुतार लागतो. आणि हे लोक कायम राहावयाचे तर त्यांनाहि घर लागतें. चेसननें अशा कसबी लोकांना पांचगणींत येऊन राहण्यास उत्तेजन दिलें आणि बाजाराच्या खालच्या अंगाला त्यांना जागा नेमून दिल्या. तेंच पुढें गांवठाण झालें. बंगले वर आणि गांवठाण खालीं, ही मांडणी काळाच्या रीतीप्रमाणें उंच-नीच दाखविणारीच होती, यांत शंका नाहीं. तरीसुद्धां पाहुण्यांच्या वस्तीबरोबरच कारागिरांच्या कायम वस्तीचाहि विचार झाला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. डोंगराच्या उतारांवर आज जे रुपेरी पानांचे सिल्व्हर ओक उभे आहेत आणि हिंवाळ्यांत लाल पानांनीं पेटणारीं पॉइन्सेटियाचीं झाडें दिसतात, त्यांची प्रथम लागवडहि चेसनच्या नांवावर जमा आहे. तो निवृत्त होऊन विलायतेस गेला नाहीं. पांचगणींतील सेंट पीटर चर्चच्या आवारांत त्याची कबर आहे.

तथापि निवृत्त साहेबांच्या बळावर गांव फार दिवस तगलें नसतें. पांचगणी टिकली ती दोन प्रकारच्या रहिवाशांमुळें, आणि दोघेहि तेथें मौजेखातर आलेले नव्हते. पहिले म्हणजे विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथें निवासी शाळा निघूं लागल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, किमिन्स, १९०४ पासूनची मुलांची यूरोपियन शाळा म्हणजे आजची सेंट पीटर्स, नंतर पारशी मुलांची शाळा आणि १९२२ मध्यें हिंदु हायस्कूल, जें पुढें संजीवन विद्यालय झालें. पाहतां पाहतां प्रत्येक समाजानें या पठारावर आपापली शाळा उभी केली. शाळेला मोसम नसतो. पाहुणे उतरून गेले तरी घंटा वाजते, आणि चारशें मुलांना रोज दूध, पाव व धुतलेले कपडे लागतातच. बाजाराचें पोट वर्षभर भरलें तें या घंटेनें. पुढें पन्नाशीच्या दशकांत झांझीबारहून फारोख बल्सारा नांवाचा एक पारशी मुलगा येथें शिकावयास आला आणि शाळेंतच पियानो शिकला. फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगानें त्याला नंतर ओळखलें.

दुसरे रहिवासी म्हणजे क्षयरोगी. यूरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच डोंगरावरील हवेचा या रोगावर उपाय म्हणून उपयोग होऊं लागला होता. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथें १८६५ मध्यें दोन रोगी भर हिंवाळ्यांत बर्फांत येऊन राहिले आणि त्यांना गुण आला. तेव्हांपासून उन्हाळी गांव म्हणून ओळखलें जाणारें तें खोरें हिंवाळ्यांतहि भरूं लागलें. तेथेंहि डोंगर बारमाही केला तो शौकिनांनीं नव्हे, दुखणाइतांनीं. बर्फावरचे खेळ खेळणारे त्यांच्या मागून आले. पांचगणींत हें काम डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं केलें. १९१२ मध्यें त्यांनीं ‘बेल-एअर’ आरोग्यधाम सुरू केलें. क्षयावर त्या काळीं औषध असें नव्हतेंच. विश्रांति, मोकळी हवा, सकस अन्न आणि धीर, एवढीच चिकित्सा; आणि ती महिनेच्या महिने, पुष्कळदां वर्षानुवर्षें चालावयाची. ज्याला उघड्या व्हरांड्यांत खाट टाकून एक ऋतु जाऊन दुसरा येईपर्यंत पडून राहावयाचें आहे, त्याला महाबळेश्वर निरुपयोगी आणि पांचगणी जीवदान देणारी. माल्कमनें जें आरोग्यधाम योजिलें होतें, तें ऐंशींहून अधिक वर्षांनीं आणि बारा मैल पूर्वेला अखेर उभें राहिलें. त्यांतील किती खाटा बऱ्या होऊन रिकाम्या झाल्या आणि किती दुसऱ्या कारणानें, हें त्या घरांतील माणसांनाच ठाऊक. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढील कांहीं वर्षांत या दीर्घ मुक्कामांची गरज ओसरली. बेल-एअर नंतर रेड क्रॉस संस्थेकडे गेलें.

दोन गांवांतील हा फरक एका थोर पाहुण्याच्या मुक्कामांतून जसा स्पष्ट होतो, तसा दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं. ६ मे १९४४ रोजीं प्रकृतीच्या कारणावरून गांधीजींची आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांतून सुटका झाली. त्यानंतर ते विश्रांतीसाठीं डोंगरावर आले, तेव्हां जुलै महिना लागला होता. महाबळेश्वर त्या वेळीं पावसानें बंद झालेलें. गांधीजी राहिले ते पांचगणीस, ‘दिलखुश’ बंगल्यांत. तेथूनच १७ जुलै रोजीं त्यांनीं जिनांना भेटीविषयींचें पत्र लिहिलें. पुढल्या वर्षीं, १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, ते महाबळेश्वरास राहिले आणि जून लागतां लागतां पांचगणीस उतरले. सिमला परिषदेची हालचाल सुरू झाली, त्या वेळीं व्हाइसरॉयबरोबर त्यांचा तारव्यवहार पांचगणीहूनच झाला. गव्हर्नर असो वा महात्मा, डोंगराच्या पंचांगापुढें दोघांचेंहि चालत नसे.

माथेरानची गोष्ट थोडी निराळी आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें १८५० मध्यें तेथली वाट धरली, १९०७ मध्यें आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशानें नेरळहून छोटी आगगाडी वर गेली, आणि मुंबईच्या मध्यम वर्गाला डोंगर परवडूं लागला. परंतु ही गाडी आजहि पावसाळ्यांत नेरळ आणि अमन लॉज यांच्यामध्यें बंद ठेवितात. मोटारींना गांवांत मज्जाव आहे. माथेराननें आपला मोसम कांहीं अंशीं राखला, असें म्हणतां येईल.

महाबळेश्वराचा मात्र मोडला. रस्ते सुधारले, घरोघर मोटारी आल्या, छपरें आणि भिंती पाऊस अडवूं लागल्या. आणि मुख्य म्हणजे पाऊस हीच पाहण्याची वस्तु झाली. ज्या धुक्याला भिऊन साहेब पळत, त्यासाठीं आतां शनिवारीं-रविवारीं पसरणीच्या घाटांत गाड्यांच्या रांगा लागतात. महिन्या-दोन महिन्यांचें बिऱ्हाड जाऊन दोन रात्रींचा मुक्काम आला. तो मात्र कोणत्याहि महिन्यांत. वर्षाचे बावन्न आठवडे पाडून डोंगरावरील एकेक आठवडा गिऱ्हाइकाला विकण्याची पद्धतहि रूढ झाली. तिचा उगम फ्रान्समधील आल्प्स पर्वतांत, सुपरदेवोल्युई या गांवीं, १९६७ मध्यें झाला. या व्यवस्थेंत रिकामा महिना म्हणजे तोटा.

पण तो रिकामा महिना सर्वस्वीं निरुपयोगी नव्हता. जांभ्या दगडाच्या या पठारांवर पाणी फार काळ ठरत नाहीं. अडीचशें इंच पाऊस दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत उतरून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत, नेमक्या गर्दीच्या वेळीं, त्याच गांवांना पाण्याची ओढ लागते. बंद मोसमांत डोंगराला जी उसंत मिळे, ती आतां मिळत नाहीं. १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि बांधकाम, वृक्षतोड व उद्योग यांवर निर्बंध घातले. त्या निर्बंधांवरून रहिवाशांत व सरकारांत वाद चालतच असतात, आणि त्यांत रहिवाशांचें म्हणणें सरसकट खोडून टाकण्यासारखें नाहीं; कारण चेसननें वसविलेल्या गांवठाणांतील कुटुंबें वाढलीं, त्यांनाहि खोली वाढवावयाची असते, आणि नियमाचा अडथळा मोठ्या हॉटेलापेक्षां त्यांनाच आधीं लागतो. महाबळेश्वरच्या बाजारांत मे महिन्याच्या अखेरीस अजूनहि कांहीं घरांना कोळंबाच्या झड्या बांधतात. परंतु गवत कापणारे आणि झडी विणणारे हात कमी झाल्यामुळें बहुतेक ठिकाणीं निळ्या प्लॅस्टिकचे कागद ताणले जातात, आणि त्यांच्या आडोशाला दुकानें पावसाळाभर उघडीं असतात.